मुक्तानं आईचं विचारलं तेव्हा

परवा शेजारच्या रानात हुरडा भाजत होते. त्या खरपूस वासानं मला वीस वर्षांपूर्वीचा एक रविवार आठवला.

घटस्फोट होऊन वर्ष झालं होतं. माझी अकरा वर्षांची लेक, मुक्ता, महिन्यातून एकदा माझ्याकडं यायची. तिला मी वैरागला मित्राच्या शेतावर नेलं होतं. गरम कणीस चोळता चोळता तिनं विचारलं, "पप्पा, आईच्या आधी तुम्हाला कोण आवडायचं?"

मी खुलून सांगत सुटलो. कॉलेजातली पद्मा, तिचं तेलुगू हेल काढून बोलणं, नंतर सायकलवरून क्लासला येणारी सुनंदा. मुक्ता पोट धरून हसली. मग हळूच म्हणाली, "आणि आई?"

"ते घरच्यांनी जमवलेलं, बाळा."

तिनं पुन्हा काही विचारलं नाही. तिच्या आईवरचा माझा राग अजून निवला नव्हता.

खरं तर लग्नानंतर तिची आई अक्कलकोटला माहेरी गेली, की दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं तिच्या मागं हजर व्हायचो. परवा संध्याकाळी मुक्ताला फोन करून हे सांगितलं.

"हे तेव्हाच सांगायचं की, पप्पा," ती म्हणाली. "मला आजवर वाटायचं, तुमच्या दोघांत कधी काही नव्हतंच, आणि तरी मी झाले."