आभाळाकडं नव्हे

"ए बाई, फोटोला हात लावू नको."

प्रदर्शन भरवणारा माणूस माझ्या मायवर खेकसला. फोटो मायचाच होता.

लातूर नुकताच जिल्हा झालेला. त्यात दुष्काळ. लोकांना दुष्काळ कळावा म्हणून शहरात फोटोंचं प्रदर्शन लावलेलं. मी तिथंच कॉलेजला होते. मायचा फोटो लागलाय कळलं, तशी मुरुडजवळच्या आमच्या गावी जाऊन तिला घेऊन आले. हौसेनं. तीही ठेवणीतलं लुगडं नेसून आलेली.

भला मोठा फोटो. डोईवर पदर, कमरेवर रिकामी घागर, मान वर. खाली छापलेलं : 'आभाळाकडे डोळे'.

"किती करुण चेहरा!" एक बाई हळहळली.

माय म्हणाली, "म्या आभाळाकडं न्हवते बघत. पाटलिणीकडं बघत व्हते."

खरंच होतं. गावच्या विहिरीला पाणी होतं. दुष्काळी कामावर आमच्याच माणसांनी ती खोल केलेली. पाणी लागलं आणि आम्हा बौद्धांना विहिरीवर चढायची बंदी झाली. खाली उभं राहायचं. वरून कुणी ओतलं तर घ्यायचं. फोटो काढला तेव्हा पाटलीण काठावर पोहरा धरून उभी होती. फोटोत ती नव्हती. विहीरही नव्हती. कापून टाकलेली.

मी विचारलं, "विहीर कुठंय?"

फोटो काढणारा तिथंच उभा होता. तो हसला. "ताई, हे दुष्काळाचं प्रदर्शन आहे. इथं जात कशाला आणता?"

डोकं सणकलं माझं. पेन काढला. फोटोखालच्या कागदावर लिहिलं, 'विहिरीला पाणी आहे. आम्हाला चढू देत नाहीत.'

धावलेच ते. कागद टराटरा फाडला. दंडाला धरून आम्हाला बाहेर काढलं. मघाची हळहळणारी बाई पदर सावरून बाजूला सरकली. माय अंगाला लागू नये म्हणून.

स्टँडवर मायनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "सकाळी चढू."

विहिरीवर चढलो. मी, माय, चुलती. शिव्या आल्या. दगड आले. चुलतीचं कपाळ फुटलं. मायनं पोहरा सोडला नाही. शेंदलंच पाणी.

तिथं कुणी कॅमेरा घेऊन आलं नाही.

तेव्हापासून तुमची हळहळ मला चालत नाही. आमची तहान दाखवायची असेल, तर पाणी अडवणाऱ्याचं तोंडही दाखवा. नाहीतर तो फोटो मी भिंतीवरून खाली ओढणार. तुमच्यादेखत.