थंडीत ट्रॅक्टरला दोन माणसं लागायची

आमचा ट्रॅक्टर थंडीत एकट्याला चालू होत नसे. एकाने सीटवर बसून सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने पुढे उभं राहून, काठीला गुंडाळलेला डिझेलचा पेटता बोळा इंजिन जिथून हवा ओढतं त्या नळीच्या तोंडाशी धरायचा. गरम हवा आत गेली की इंजिन खोकायचं, पांढरा धूर सोडायचं आणि मग एकदम धडधडायला लागायचं. कडा गावाकडच्या एका ऊसवाल्याकडून तो जुनाच घेतलेला. घरी आला त्या हिवाळ्यापासून बोळा धरायचं काम माझं. सीटवर माझे मालक.

मालक फार बोलणारे नव्हते. दिवसभर शेतात, संध्याकाळी पारावर, जेवताना भाजी आवडली तरी मुकाट्याने दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. पण त्या सकाळच्या वेळी मात्र सीटवरून मोठ्यानं ओरडायचे, "धर... धर... हां, आता काढ!" एकदा वाऱ्यानं जाळ माझ्याकडे फिरला आणि भुवई करपली. ते उडी टाकून खाली आले, चालू झालेला ट्रॅक्टर तसाच सोडून घरात गेले आणि वाटीत लोणी घेऊन आले. कपाळाला लोणी लावताना त्यांना हसू येत होतं आणि माझा राग बघून ते दाबतही होते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शेकोटीपाशी घोंगडी पांघरून बसल्या होत्या. त्यांनी तोंड फिरवून घेतलं. चारचौघांत नवऱ्यानं बायकोच्या तोंडाला हात लावायची आमच्याकडे रीत नाही.

उन्हाळ्यात रान मोकळं असलं की त्यांनी मला ट्रॅक्टर चालवायलाही शिकवलं. गावात कोणी हसलं तर म्हणायचे, "माझं टॅक्टर, माझी बायको. तुमचं काय जातंय?"

भादव्यात उडदाची काढणी चालू होती. सकाळपासून त्यांच्या छातीत दाबल्यासारखं होत होतं. म्हणाले, पित्त झालं असंल. चहा न घेता रानात गेले. दुपारी मी भाकरी घेऊन गेले तर ते बांधावर बसलेले, हात छातीवर, अंगाला पाण्यासारखा घाम. चुलत दिरानं शेजाऱ्याची जीप आणली. अंबाजोगाईच्या वाटेवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एका वळणावर ते जड झालं. मला कळलं. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर जीप मागं फिरवतील, आणि जीप पुढं जातेय तोवर ते आहेत, असं मला वाटत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दीर भिंतीला धरून रडला. मी पदरानं त्यांचा घाम पुसत राहिले. तो कधीच थांबलेला होता.

आमच्याच रानात, घराच्या दारातून दिसतं तिथं, त्यांना अग्नी दिला. बायका घरीच थांबल्या. आत्या उंबऱ्यावर बसून होत्या. आत चला म्हणून सगळ्यांनी सांगितलं, त्या उठल्या नाहीत. धूर विरेपर्यंत बघत राहिल्या. एकुलता लेक होता.

नंतर आमची मुलगी कॉलेजसाठी परत अंबाजोगाईला वसतिगृहात गेली. घरात आम्ही दोघी राहिलो. ट्रॅक्टर पत्र्याखाली उभा. कोंबड्यांनी सीटवर बसायला सुरुवात केली. आत्या काठी आपटून त्यांना हाकलायच्या, दिवसातून कितीदा तरी, पण स्वतः ट्रॅक्टरला हात लावायच्या नाहीत. मीही लावला नाही. स्टेअरिंगला त्यांचा रुमाल बांधलेला होता. तो धुवायचा की तसाच ठेवायचा, हे मला ठरवता येत नव्हतं.

ज्वारी दिरानं त्याच्या ट्रॅक्टरनं पेरून दिली. गव्हाच्या वेळी मात्र कारखाना चालू झाला आणि त्याचा ट्रॅक्टर ऊस ओढायला लागला. रोज म्हणायचा, "वैनी, उद्या येतो." खोटं बोलत नव्हता बिचारा, त्याला खरंच सवड होत नव्हती. विहिरीजवळचं रान ओलवून तयार होतं आणि ओल उडत चालली होती. गहू गेला असता. त्यांनी दरवर्षी त्याच तुकड्यात गहू केला होता. ती जागा या वर्षी पडीक दिसावी, हे मला सोसवेना.

बॅटरी उतरवली, दिराच्या मोटारसायकलवर नेकनूरला पाठवून चार्ज करून आणली. इतके दिवस उभा असल्यानं डिझेलच्या नळीत हवा धरली होती. ते करायचे तसा मी फिल्टरजवळचा स्क्रू ढिला केला आणि बुडबुडे थांबेपर्यंत पंप दाबत बसले. हात काळे झाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना भयंकर गारठा होता. चुलीवर पाणी तापवून रेडिएटरमध्ये ओतलं. काठीला जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलं, डिझेलमध्ये बुडवलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी एकटी आहे.

आत्या शेकोटीपाशी होत्या.

"आत्या, जरा उठता का?"

"कावून गं?"

"बोळा धरायला माणूस पायजे."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. जाळात एक काटकी सरकवली.

"म्या न्हाई धरायची."

"दुसरं कोण हाय आत्या घरात?"

"आगीचं काम मला सांगू नगं. लेक जळताना बघितलाय ह्या डोळ्यांनी. आता अजून काय धराया लावतीस?"

मी काठी रेडिएटरच्या जाळीत खोचून बघितली, पेटवली, धावत जाऊन सीटवर बसले. सेल्फ मारेपर्यंत बोळा खाली पडला. पुन्हा खोचली. या वेळी वाऱ्यानं जाळ उलटा फिरला. इंजिन नुसतं घरघरलं, आणि ती घरघर हळू होत चालली होती, म्हणजे बॅटरी दमत होती. मी स्टेअरिंगवर डोकं टेकलं. रुमाल गालाला लागला. त्याला अजून त्यांच्या घामाचा वास होता.

मान वर केली तर आत्या पुढं उभ्या. हातात काठी, बोळा पेटवलेला, घोंगडी खांद्यावरून घसरलेली.

"कुठं धरू?"

"ह्या नळीच्या तोंडाशी. लई जवळ नगा नेऊ."

मी क्लच दाबला, सेल्फ मारला. इंजिन खोकलं, पांढरा धूर उसळला आणि आत्या त्या धुरात दिसेनाशा झाल्या. मी सेल्फ सोडला नाही. एकदम धडधड सुरू झाली. सगळा पत्रा थरथरायला लागला, कोंबड्या ओरडत पळाल्या. आणि त्या आवाजाच्या वर, धुरातून, आत्यांची हाक आली,

"आरं कानाला बांध रं! वारं लागंल!"

प्रत्येक हिवाळ्यात, प्रत्येक सकाळी, ट्रॅक्टर चालू झाला की त्या लेकाला हेच ओरडायच्या. तोंडातून आपोआप गेलं.

धूर सरला. त्या सीटकडे मान वर करून बघत होत्या. वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा असतो तसा चेहरा. मग हळूहळू तो बदलला. मी तो बदलताना बघितला, आणि ते बघायला लागू नये म्हणून मी काहीही दिलं असतं.

"तू हाईस व्हय," त्या म्हणाल्या.

काठी हातात तशीच होती आणि जाळ बोटांपर्यंत आला होता. त्यांना कळत नव्हतं. मी उडी टाकली, काठी ओढून घेतली, मातीत विझवली. त्या जिथं होत्या तिथंच खाली बसल्या. मीही बसले. ट्रॅक्टर बंद करावासा वाटत होता, पण बंद केला तर परत चालू झाला नसता. म्हणून तो धडधडत राहिला आणि आम्ही दोघी त्याच्या चाकापाशी बसून रडलो. भादव्यापासून आम्ही एकमेकींसमोर रडलो नव्हतो. त्या माझ्यासाठी दाबून धरत होत्या आणि मी त्यांच्यासाठी. त्या दिवशी आवाज इतका होता की शेजारच्या कोणाला काही ऐकू गेलं नाही.

शेवटी त्यांनीच मला हातानं ढकललं. "जा. ओल गेली तर दाणा उगवायचा न्हाई."

मी गहू पेरला. पेरणीचे तास काही सरळ आले नाहीत. उगवून आल्यावर ते वाकडेपण सगळ्या शिवाराला दिसलं, पण गहू आला.

पेरणीच्या दुसऱ्या सकाळी ट्रॅक्टर काढायचा होता, पण आत्या शेकोटीपाशी नव्हत्या. जन्मभर अंधारात उठणारी बाई गोधडी डोक्यावरून घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी शेजारणीला हाक मारली, तिनं बोळा धरला. संध्याकाळी आत्या म्हणाल्या, "जरा लेकीकडं जाऊन येते." त्यांची लेक, माझी नणंद, नेकनूरला असते. मी कारण विचारलं नाही. फाट्यावर जाऊन एसटीत बसवून आले. खिडकीतून त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, कोंबड्या सांजच्याला मोजून कोंडत जा.

होळी झाल्यावर परत आल्या. तेव्हा थंडी संपली होती आणि ट्रॅक्टर बोळ्याशिवाय चालू होत होता. त्या आवाजाला त्या काही म्हणाल्या नाहीत. पण दिवाळी सरली, पहाटेचा गारवा सुटला, की पिशवी भरायच्या. असं दर हिवाळ्याला झालं. नणंद विचारायची, आईचं तुझ्याशी भांडण झालंय का? मी म्हणायचे, नाही गं, त्यांना तुझी आठवण येते.

दरम्यान मी नवीन बॅटरी टाकली आणि मेकॅनिककडून हवा तापवायचा हीटरही बसवून घेतलं. आता चावी जरा धरून ठेवली की ट्रॅक्टर एकट्या माणसाला चालू होतो, कितीही थंडी असो. पहिल्यांदा असा एका दमात चालू झाला तेव्हा मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी सीटवर बसून राहिले. पुढं, जिथं मी इतकी वर्षं उभी राहायचे, तिथं कोणी नव्हतं आणि कोणी असायची गरजही नव्हती.

या हिवाळ्यात आत्यांना जाता आलं नाही. गुडघे गेलेत, एसटीची पायरी चढवत नाही. नणंद न्यायला आली होती, पण त्यांनीच नको म्हटलं. म्हणून मी ट्रॅक्टर घरी आणत नाही. विहिरीपाशी, लिंबाखाली उभा करते आणि सकाळी तिथवर चालत जाते. तिथून घरापर्यंत आवाज येत नाही. मी कानोसा घेऊन बघितलाय.

परवा त्यांच्या पायाला तेल लावत होते. मध्येच त्या म्हणाल्या, "टॅक्टर इकलंस का?"

"न्हाई आत्या. मळ्यात असतं."

त्या पत्र्याच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या.

"रातचं लई गार पडतं तिथं," त्या म्हणाल्या. "उघड्यावर."

"ताडपत्री टाकते मी रोज."

"चांगली गच्च बांधत जा," म्हणाल्या, आणि दुसरा पाय माझ्याकडे सरकवला.