हजेरीवाल्या काकू

काकूंना शांतता सोसत नसे. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांचं लहानपण गेलं. वडील पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. यार्डातली डब्यांची धडधड, इंजिनांच्या शिट्ट्या यांतच त्या झोपायला शिकल्या. लग्नानंतर साखर कारखान्याच्या वसाहतीत आल्या, तिथंही गाळपाचा आवाज चोवीस तास. गप्पा मारताना कुठला तरी आवाज थांबला की त्यांचं बोलणं अर्ध्यात तुटायचं. मान किंचित वाकडी करून त्या ऐकत बसायच्या. समोरच्यालाही मग उगीचच अंगावर काटा यायचा.

आमची ओळख झाली ती केनियाच्या पश्चिम भागात, सरोवराजवळच्या एका साखर कारखान्यात. माझे यजमान तिथं केमिस्ट होते. मी शिरूरजवळच्या खेड्यातून थेट तिथं गेलेली. काकूंचे यजमान, म्हणजे काका, बॉयलरवर. सगळा जन्म बॉयलरपाशी काढल्यामुळं त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे. "ह्यांचे कान माझ्याकडंच ठेवायला दिल्यात," असं काकू म्हणायच्या. त्या कारखान्याच्या शाळेत गणित शिकवायच्या. ऊसतोड कामगारांची, ट्रॅक्टरवाल्यांची सगळी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. बाजारात धिप्पाड जवान गडी त्यांना बघून टोपी काढायचे आणि 'मॅडम' म्हणून बाजूला व्हायचे. मला याचं फार हसू यायचं.

दोन हजार सातचं साल संपता संपता तिथं निवडणूक झाली. निकाल लागला आणि देश पेटला. कोण कुठल्या जमातीचा, यावरून माणसं माणसांना कापायला लागली. रस्त्यांवर झाडं पाडली होती, टायर जळत होते. माझे यजमान सुट्या भागांसाठी नैरोबीला गेलेले, ते तिकडंच अडकले. कारखाना बंद झाला.

ती शांतता मी कधी विसरणार नाही. गाळप थांबलं आणि टाक्यांमधला रस आंबायला लागला. सगळ्या वसाहतीवर तो आंबूस वास बसला. लांब चारी बाजूंना धुराचे खांब उभे दिसायचे, पण आवाज काहीच नाही. कारखान्याच्या पत्र्यावर माणसाएवढे टकले करकोचे येऊन बसू लागले. ते ओरडत नसत, हलतही नसत. नुसते खाली बघत बसायचे.

त्या शांततेत काकूंनी आमचा ताबा घेतला. कुणी त्यांना नेमलं नव्हतं. ऊस वाहतुकीच्या ऑफिसात ट्रॅक्टरवाल्यांशी बोलायचे वायरलेस हँडसेट होते. ते त्यांनी मॅनेजरकडून मागून आणले आणि प्रत्येक भारतीय घरात एकेक दिला. पासपोर्ट, औषधं, पाणी एका पिशवीत, पिशवी दाराशी. पायांत बूट, चपला नाहीत. खिडकीत उभं राहायचं नाही, झोपायचं मधल्या बोळात. मोबाइलचं बॅलन्स रडायला वापरायचं नाही. आणि रोज सूर्य खाली गेला की हजेरी.

"नावं घ्यायची नाहीत," त्यांनी बजावलं. "कोण कुठल्या घरात ऱ्हातंय, हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. मी गावाचं नाव घेईन. हाजिर म्हणायचं. 'हो' नाही, 'बोला' नाही, 'बरं आहे' नाही. फक्त हाजिर."

मग जरा थांबून म्हणाल्या, "आन् घरात कुणी शिरलं असंल, बळजबरी असंल, तर म्हणायचं, 'आहे'."

तिन्हीसांजेला त्या परक्या आभाळाखाली हँडसेटच्या खरखरीतून काकूंचा आवाज यायचा. "बारामती? इंदापूर? कोल्हापूर? शिक्रापूर? शिरूर?" अंधारत चाललेल्या घराघरातून उत्तरं यायची. शिरूर म्हणजे मी. आपल्या गावाचं नाव कुणी पुकारलं की बरं वाटावं ना? मला मात्र तेव्हा वाटायचं, आम्ही सगळे केव्हाच मेलोय आणि कुणीतरी यादी वाचतंय.

शिक्रापूर म्हणजे माझ्या शेजारचे जगताप फिटर. एकटेच राहायचे आणि अफवांचं पोतं होते. "आवो काकू, बाजारपेठ पार जाळून टाकली समदी! आता उद्या आपल्या वसाहतीवर येणार म्हनं!"

"बघितलंत का ऐकलंत?"

"ऐकलं."

"कुणाकडनं?"

"ते... ड्रायव्हर सांगत हुता."

"त्यानं बघितलं का ऐकलं?"

जगताप डोकं खाजवायचे. काकू त्यांना चहा द्यायच्या आणि मग स्वतः तीन ठिकाणी विचारायच्या. रेडिओवर, मिशनच्या फादरना फोन करून आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला. तिघांचं जुळलं तरच आम्हाला सांगायच्या. खोटा धीर त्यांनी कधी दिला नाही. "रस्ता बंद हाय. पोलीस येणार न्हाईत. पीठ जपून वापरा," असं सरळ सांगायच्या. त्यानं भीती कमी व्हायची नाही, पण हातपाय हलायचे.

एक गोष्ट फक्त काकूंना आणि मला ठाऊक होती. दवाखान्यातली नर्स वांजिरू माझ्या कोठीच्या खोलीत लपली होती. ती ज्या जमातीची, त्या जमातीच्या लोकांना तिथं शोधून शोधून मारत होते. ती रोज माझ्याकडं चहाला यायची, मला तिथली स्वाहिली भाषा शिकवायची. एका सकाळी मागच्या दारानं आली ती थेट कोठीतच शिरली. काकूंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "असू दे. ताट एकच वाढ. भांडी जास्त दिसायला नकोत."

हजेरीत एक विचित्र गोष्ट घडू लागली होती. शेवटच्या गावानं उत्तर दिलं की थोड्या वेळानं 'टक्' असा आवाज यायचा. कुणीतरी बटण दाबून सोडल्यासारखा. बोलणं काही नाही, एखादा श्वास तेवढा. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, पण विचारायची छाती होईना. शेवटी काकूच म्हणाल्या, "ऑफिसातला एक सेट चोरीला गेलाय. कुणीतरी आपली हजेरी ऐकतंय. ऐकू दे. मराठीच बोला." तरीही त्या रोज त्या 'टक्'साठी थांबायच्या. तो आल्याशिवाय सेट बंद करायच्या नाहीत.

आणि मग ती संध्याकाळ.

"बारामती?"

"हाजिर."

इंदापूर, कोल्हापूर झालं.

"शिक्रापूर?"

नुसती खरखर. मग जगतापांचा आवाज आला, इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. "आहे."

शेजारचं घर. मधे फक्त कुंपण.

काकूंचा आवाज तसूभर हलला नाही. "शिरूर?"

"हाजिर," मी म्हणाले. माझ्या पाठीमागं कोठीचं दार होतं आणि त्याच्या आड वांजिरू.

काकूंनी गावं संपवली. मग त्याच सुरात, हजेरीच्याच चालीवर, पुन्हा सुरू केलं. "शिक्रापूर, घरात मान्सं?"

"आहे."

"हत्यारं?"

"आहे."

"मार लागलाय?"

जरा वेळानं, "न्हाई."

"बाईला हुडकत्यात?"

"आहे."

नंतर कळलं, त्या लोकांनीच जगतापांच्या मानेवर कोयता ठेवून सांगितलं होतं, रोजच्यासारखं बोल. बारामती, इंदापूर त्यांना काय कळणार?

मी दिवा मालवला. बोळात भिंतीला टेकून बसले. हँडसेट छातीशी धरलेला. आता काकू काय सांगणार, पळ म्हणणार की लप म्हणणार, याची वाट बघत होते. पण काकू आमच्याशी बोलल्याच नाहीत. त्या इंग्रजीत बोलू लागल्या. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो वर्गातला आवाज होता.

"स्टँडर्ड एट. अटेन्डन्स."

खरखर.

"ओडुओर." थांबल्या. मूल उत्तर देईपर्यंत बाई थांबतात, तेवढ्याच.

"ओमोंडी."

काही नाही.

"ओचिएंग."

कुंपणापलीकडं काहीतरी जड खाली पडलं. मग पुन्हा सगळं सामसूम. काकू एकेक नाव घेत होत्या. ज्या पोरांना त्यांनी बेरजा शिकवल्या आणि जी पुढं ऊस ऑफिसात रोजंदारीवर लागली, त्यांची नावं. त्या हातात सेट घेऊन बसल्यात आणि अंधाराला नावं विचारताहेत, असं मला दिसत होतं.

"ओकोथ."

टक्.

एक श्वास. मग मोठ्या माणसाचा घोगरा आवाज, पण उत्तर मात्र लहान मुलाचं.

"प्रेझेंट, मॅडम."

मला वाटतं, त्याला स्वतःलाच कळलं नसेल तो बोलला ते.

"थँक्यू, ओकोथ," काकू म्हणाल्या. "गो होम." आणि पुढचं नाव घेतलं.

मी फटीतून पाहिलं. जगतापांच्या अंगणातून माणसं बाहेर पडत होती. धावत नव्हती, ओरडत नव्हती. एकामागून एक, खाली माना घालून. शेवटचा एकजण कुंपणापाशी काकूंच्या घराकडं तोंड करून बराच वेळ उभा होता. मग तोही गेला.

सकाळी तो चोरीचा सेट कुंपणात सापडला. चालूच होता. पानांआडून त्याची खरखर येत होती.

त्याच दिवशी लष्कराचे ट्रक आले. वांजिरूला त्यांनी पोलीस ठाण्यात आसरा घेतलेल्या तिच्या लोकांकडं नेलं. आम्हाला बसमधून विमानतळावर सोडणार होते. जगताप पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ते कुणाशीच बोलत नव्हते. सगळे चढले, काकू मात्र चढेनात. फाटकापाशी एक बाई उभी होती. तिथल्या बाजारात टोमॅटो विकणारी. ओकोथची आई.

ती काकूंना म्हणाली, "काल तुम्ही माझ्या मुलाला हाक मारलीत. त्याच्या सोबतच्या सगळ्यांनी ऐकलं तो बोलला ते. तो घरी आला नाही. कुठं आहे तो?"

काकूंनी खिडकीपाशी येऊन माझा हात दाबला. "तू जा, शिरूर. आम्ही दोघं थांबतोय."

"काकू, वेड लागलंय का तुम्हाला? चला!"

"त्याचं नाव मी घेतलंय गं," त्या म्हणाल्या.

बस सुटली. मागच्या काचेतून बघितलं तर रिकाम्या रस्त्यावरून त्या दोघी चालल्या होत्या, शहराच्या दिशेनं. कडेला जळका ट्रक होता, त्याच्यावर करकोचे. काका थोडं मागं, काहीच ऐकू येत नसल्यामुळं सारखे इकडंतिकडं बघत.

पुढं दीड-एक वर्षानं काका-काकू दौंडला परतले. मी न्हावऱ्यावरून एसटीनं भेटायला गेले. रुळांजवळच दोन खोल्या घेतल्या होत्या. काकू वाळल्या होत्या. दुपारची वेळ, बाहेर मालगाडी चाललेली. तिचा आवाज संपेपर्यंत त्या गप्प बसल्या. मग आपणहून म्हणाल्या, "सापडला न्हाई तो."

मी हातातला कप खाली ठेवला.

"शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं मेलेली मान्सं फरशीवर ठेवलेली, जागा नव्हती म्हणून. ती आई दारातच बसली. म्हणाली, तुम्ही बघा, मॅडम. मी चादरी उचलत गेले आन् तिला दारातनं सांगत गेले. हा न्हाई. हा न्हाई. एकापाशी थांबले. तोंड जळलेलं. अंगापिंडानं तसाच. हात बघितला, पण पोरांचे हात कुठं आठवत्यात आपल्याला? वह्या आठवत्यात, अक्षर आठवतं. ती तिकडनं विचारत होती, मॅडम? मॅडम?"

"मग?"

"म्हणाले, हा न्हाई."

चहा निवून गेला होता. काकू माझ्याकडं बघत होत्या आणि मी जमिनीकडं.

त्याच पावसाळ्यात काकू गेल्या. झोपेतच. पुण्यानुमोदनाला मी गेले होते. बुद्धवंदना झाली, माणसं जेवून पांगली. काका कोपऱ्यात बसले होते. तेवढ्यात काकूंचा मोबाइल वाजायला लागला. काकांना ऐकू आला नाही, पण तो फळीवर थरथरताना दिसला. त्यांनी उचलून बघितला आणि माझ्या हातात दिला. "तीच असंल," ते म्हणाले. "अधनंमधनं करती. मला काय ऐकू येतंय? तू बोल."

मी कानाला लावला. लांबून वाऱ्यासारखा आवाज आला आणि मग ओकोथच्या आईचा. मोडक्या स्वाहिलीत मी तिला सांगितलं, मॅडम गेल्या. ती रडली असावी. मग अगदी हळू, परक्या घरी काही मागताना बोलावं तसं, तिनं विचारलं, जाण्याआधी मॅडमना माझ्या मुलाचं काही कळलं होतं का?

काका माझ्या तोंडाकडं बघत होते. माझे ओठ वाचायला.

'बाडो' म्हणजे 'अजून नाही', 'मामा' म्हणजे 'आई'. वांजिरूनं मला शिकवलेले शब्द.

"बाडो, मामा," मी म्हणाले. "बाडो."