कर्ज मागण्याआधी बंद केलेलं कार्ड

"काका, मागच्या महिन्यात विचारायला आलात तेव्हा तुमचा क्रेडिट स्कोअर सातशे ऐंशी होता. आज सातशे पाच. मधे काय केलंत?"

बँकेतल्या कर्जाच्या पाटील मॅडम विचारत होत्या आणि मला राग येत होता. मी चौथी शिकलोय. पण वाशीच्या मार्केटमधून तीस वर्षं भाजीचा टेम्पो चालवतोय, एक हप्ता चुकवलेला नाही. आता बेलापूरच्या एका मोठ्या कॅन्टीनला भाजी पोचवायचं काम मिळालं होतं. अट एकच, बंद बॉडीची नवी गाडी. कर्ज अडलं तर काम दुसऱ्याला जाणार.

"वाईट काही केलं नाही," मी म्हणालो. "जुनं क्रेडिट कार्ड बंद केलं. एक रुपया बाकी नव्हता."

मार्केटची रीतच तशी आहे. नव्या पेढीवर उधारीनं माल मागायचा, तर आधी जुन्या पेढीचं खातं मिटवून जायचं. म्हणून मी बारा वर्षांचं कार्ड फोन करून बंद केलं आणि घरी कात्रीनं कापलं. "कशाला कापताय, विचारा तरी कुणाला," बायको म्हणत होती. मी विचारत नसतो.

मॅडमनी कागद घेतला. कार्डावर किती खर्च करता येतो, त्याला लिमिट म्हणतात. जुन्याचं लिमिट दोन लाख, माझ्याकडे उरलेल्या दुसऱ्या कार्डाचं पन्नास हजार. माझं डिझेल महिन्याला चाळीस हजारांचं. आधी ते अडीच लाखांतले चाळीस हजार दिसायचे. आता पन्नास हजारांतले चाळीस.

"बघणाऱ्याला वाटतं, काकांची ओढाताण चाललीय."

"मी दर महिन्याला पूर्ण भरतो."

"ते दिसतं. पण बिल बनतं त्या दिवशी किती वापरलेत, तेपण दिसतं."

"मग अजून दोन कार्डं काढतो. लिमिट वाढेल."

"ते दोन फॉर्मपण दिसतायत मला, काका."

ते मी स्टेशनजवळच्या मॉलमध्ये आधीच भरून आलो होतो. प्रत्येक फॉर्ममागे बँक तुमचा रिपोर्ट मागवते, त्याची नोंद राहते. पाठोपाठ नोंदी झाल्या की माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असं वाटतं. मी, आणि दारोदार. ते मला लागलं.

"जुनं कार्ड परत चालू करा."

"नाही होत. आता नवा फॉर्म नको, आहे ते कार्ड बंद करू नका, आणि डिझेलचे पैसे बिल बनायच्या आधीच भरत जा."

"बिल यायच्या आधी पैसे? हे कुठलं शास्त्र?"

"बँकेचं."

कॅन्टीनच्या मॅनेजरनं तीन महिन्यांची मुदत दिली. तोवर भाड्याची गाडी लावली. भाड्यात नफा गेला, पण काम हातात राहिलं. मी हट्टी माणूस, दर शनिवारी न चुकता डिझेलचे पैसे कार्डावर भरत राहिलो.

तिसऱ्या महिन्यात मॅडमचा फोन आला. "सातशे साठच्या वर गेलाय, काका. कर्ज मंजूर." मी मार्केटमध्येच कोबीच्या गोणीवर बसलो.

मिटवलेलं खातं बघून मार्केट विश्वास ठेवतं. बँकेला जुनं, चालू आणि थोडंच वापरलेलं खातं बघायचं असतं. मोठं कर्ज काढायचंय तर ते मिळेपर्यंत जुन्या कार्डाला हात लावू नका, नवं मागू नका.

संध्याकाळी जुईनगरला घरी मंजुरीचा मेसेज दाखवला. बायकोनं तो वाचला, उठली आणि आधी कात्री कपाटात ठेवून आली.