रिकामा धोटा

आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षी मी भिवंडीत एका कारखान्यात लूम चालवत होतो. माझा थोरला चुलतभाऊ, माझा दादा, शेजारच्या दोन लूमवर होता. आम्ही पडघ्याकडचे. बारा तासांची शिफ्ट उभ्याने काढायला दादा अफू खायचा. रोज बोराच्या बीएवढी गोळी. वहिनीच्या हट्टापायी मी त्याला मुंबईच्या इस्पितळात ठेवला. दीड महिन्याने आणायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"सुटली आहे. पण आता पूर्वीएवढी घेतली तर जगणार नाही. शरीराची सवय गेलेली असते."

घाबरवतायत, असं मला वाटलं. मी वहिनीला हे सांगितलं नाही. दादालाही नाही.

कामावर आल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी त्याचे हात कापायला लागले. तुटलेला धागा जोडता येईना. त्याची अफूची पत्र्याची डबी मी फेकली नव्हती, माझ्याच खिशात होती. त्याने खुणेनेच मागितली. लूमच्या आवाजात कुणी बोलत नाही, हात आणि ओठ चालतात. मी नेहमीची गोळी त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने अंगठ्याचं नख तिच्या मधोमध टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. अर्धीच घेऊ?

मी हसलो. डोक्यावर पदर ओढल्याची खूण केली. नवी नवरी झालास काय! तो ओशाळला आणि सगळी तोंडात टाकली.

तासाभराने माझी नजर तिकडे गेली. दादा खांबाला टेकून बसला होता, अर्धे उघडे डोळे लूमवर. लूम चालूच होता. धोट्यातली सुताची कांडी केव्हाच संपली होती आणि सूत संपलं की लूम थांबवणारा काटा मोडका होता. रिकामा धोटा इकडून तिकडे पळत होता. विणलेल्या कापडामागून हातभर नुसते उभे धागे सरकत आले होते. मी ओठांनी हाक मारली. दादाने मान हलवली.

मी लूम बंद केला. खांबाचा हादरा थांबला, आणि दादाही हलायचा थांबला.

बाराव्याला वहिनी म्हणाली, "हार्ट बंद पडला म्हनतात. पन भावजी, तुमी व्हते म्हनून अफूतून सुटून तरी गेले. ती डबी शेवटी त्यांच्याजवल न्हाय व्हती, येवढंच समाधान हाय."

डबी तेव्हाही माझ्या खिशात होती. मी मान हलवली.

वहिनी आता थकली आहे. दिवाळीला गेलो की अजून पहिलं ताट मलाच वाढते. तिला वाचता येत नाही. हे लिहून झालं की मी गावी जाऊन तिला वाचून दाखवणार आहे. डबी सोबत नेईन.