प्लेटांवरच्या कुरडया

उन्हाळ्यातल्या एका रविवारी सोलापुरातून गावाकडे आलो, तर आमच्या माळावरच्या वस्तीला पाणी नव्हतं. टाकी कोरडी, सोलरचा पंप बंद. पंप माझ्या खटपटीने बसलेला, म्हणून सगळ्या वस्तीने माझ्याकडेच बघितलं. मी तापलो. मेकॅनिकला फोन लावला आणि त्याला नाही नाही ते बोललो.

मग टेकाड चढून सोलरच्या प्लेटांपाशी गेलो. तिथे प्लेटांवर स्वच्छ धुतलेलं धोतर अंथरलेलं, वाऱ्याने उडू नये म्हणून चारी टोकं पक्की बांधलेली, आणि त्यावर ओळीने ओल्या कुरडया. शेजारी माझी चुलती राखण करत बसलेली.

"काकू, अगं प्लेटा झाकल्यास तू!"

"मग कुटं घालू? खाली शेळ्या हायत. आन् ऊन काय तुज्या पंपानं एकट्यानंच खायाचं व्हय?"

काढ म्हणालो, तर घागरी घेऊन आलेल्या बायाच माझ्यावर उलटल्या. ओली कुरडई उचलली तर मोडणार की! एक दिवस विहिरीचं पाणी आणू, त्यात काय एवढं. मग मीही चार घागरी वाहिल्या.

दुपारी मेकॅनिक घामाघूम होऊन पोचला. त्याने प्लेटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काही बोलायच्या आत चुलतीने कुरडयांसाठी शिजवलेला गव्हाचा चीक, वर दूध-गूळ घालून, वाटीभर त्याच्या हातात दिला.

"खा बाबा. ह्येचं बोलणं मनावर घेऊ नगंस. ल्हानपणापासनं असाच हाय."

मी मुकाट्याने माझी वाटी पुढे केली.