तीन चापांची परीक्षा

पोलिसांच्या शस्त्रागारातल्या मिस्त्रींनी अठ्ठावीस वर्षांत हजारो पिस्तुलं खोलून पुन्हा जोडली होती. त्यामुळे खात्याने नवी पिस्तुलं घ्यायचं ठरवलं, तेव्हा तीन नमुने तपासायचं काम त्यांच्याकडेच आलं.

मिस्त्रींनी ताणकाटा लावून प्रत्येकाचा चाप ओढायला किती जोर लागतो ते मोजलं. पहिल्याचा घोडा आधी अंगठ्याने मागे ओढायचा, मग चाप अगदी हलका. दुसऱ्याच्या पहिल्या गोळीला बोटाचा जोर लागे, पुढच्या सहज सुटत. तिसऱ्याला बाहेरून घोडाच नव्हता आणि चाप दर वेळी सारखाच.

बैठकीत साहेबलोकांची चांगलीच जुंपली. मोठे साहेब म्हणाले, "चाप हलकाच हवा. ऐन वेळी बोट अडता कामा नये."

"तुलनेला आपलं पिस्तूल मोजू का, साहेब?" मिस्त्रींनी विचारलं.

साहेबांनी ऐटीत कमरेला हात घातला, पण पिस्तूल कातडी म्यानातून निघेना. शेवटी मिस्त्रींनीच ते हिसका देऊन काढलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि काटा लावला. काटा शेवटच्या आकड्याला टेकला, तरी गंजलेला चाप तसूभर हलला नाही.

"किती भरला?" साहेबांनी हळूच विचारलं.

"वापरात असता तर सांगता आलं असतं," मिस्त्री नम्रपणे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात कुणीच न तपासलेलं चौथं पिस्तूल मंजूर झालं, कारण संचलनात ते उठून दिसणार होतं. मिस्त्रींना लेखी समज मिळाली की, विचारल्याशिवाय बोलू नये.

त्यांनी ती घरी वाचून दाखवली. बायको म्हणाली, "मी तीस वर्षं तोंडी सांगतेय, त्याचं काही नाही."